शेरा लिहिला, पुढे काय?

तपासणी आटोपून साहेबांची गाडी वळली, की शाळेची शेरेबही परत कपाटात जाते. केंद्रप्रमुख म्हणून यवतमाळ जिल्ह्यात मी अशा पुष्कळ वह्या चाळल्या. नेर तालुक्याकडच्या एका द्विशिक्षकी शाळेची वही अजून डोळ्यांपुढे आहे. लागोपाठ तीन वर्षे, तीन वेगळ्या अक्षरांत, एकच शेरा : ‘वाचन समाधानकारक. गणिताकडे लक्ष द्यावे.’ शेरा खोटा नव्हता. तिसरीतली पोरं हातच्याच्या वजाबाकीपाशी अडत होती. पहिला शेरा पडला तेव्हाची तिसरी आता पाचवीत बसत होती, आणि तिला हातचा अजूनही येत नव्हता.

तपासणी दुखणं दाखवते. पण ‘मागच्या शेऱ्याचं काय झालं?’ असं विचारणारं कुणी नसेल, तर पुढचा साहेब तोच शेरा पुन्हा लिहितो.

हे विचारण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या माणसांकडे यावा, याची मांडणी आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली झाली. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना 1960 साली लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली गेली. 1961 मध्ये तिचा अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत सदस्य निवडून आलेले आणि शिक्षणाधिकारी सचिव. एखाद्या सदस्याने आपल्या गटातल्या शाळेचा विषय लावून धरला, की तो इतिवृत्तात येतो आणि पुढच्या सभेत प्रशासनाला अनुपालन सांगावं लागतं. या व्यवस्थेचा सगळा जोर त्या ‘पुढच्या सभे’त आहे.

यवतमाळ जिल्हा परिषदेवर 2017 मध्ये 61 सदस्य निवडून आले. मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मग तपासणारा अधिकारी, अहवाल वाचणारा अधिकारी आणि जाब विचारणाराही अधिकारीच!

पण गावपातळीवरची एक खुर्ची त्या काळातही रिकामी नव्हती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा, निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हे तिचं कायद्याने ठरलेलं काम. बऱ्याच ठिकाणी मात्र प्रोसिडिंगची (बैठकीच्या इतिवृत्ताची) वही घरोघरी फिरवून सह्या होतात आणि कोरम कागदावर भरतो.

त्या द्विशिक्षकी शाळेत मी समितीच्या बैठकीत शेरेबहीच मोठ्याने वाचायला लावली. कापूस वेचणीच्या मजुरीवर जाणाऱ्या एका आईने विचारलं, “साहेब, लक्ष कोन देनार हाये? अन् कवापर्यंत?” तिन्ही शेऱ्यांत नसलेल्या दोन गोष्टी तिने नेमक्या पकडल्या. प्रोसिडिंगमध्ये मग तसंच लिहिलं : हातचा न जमणाऱ्या मुलांची यादी, रोज परिपाठानंतर अर्धा तास, जबाबदार शिक्षक अमुक, पडताळणी दिवाळीच्या सुट्टीआधी. सुट्टीआधी अशासाठी, की त्यानंतर वेचणीचा जोर असतो. आईबाप शेतात जातात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. सुट्टीआधी पाहिलं तेव्हा यादीतली बहुतेक पोरं पाटीवर वजाबाकी बरोबर मांडत होती.

प्रत्येक शेऱ्याचा धनी वेगळा असतो, हेही समजून घेतलं पाहिजे. वाचन-गणित शिक्षकाचं काम. स्वच्छतागृहाला पाणी नाही, कुंपण पडलं, तर विषय ग्रामपंचायतीकडे न्यावा. रिक्त पद आणि धोकादायक वर्गखोली यांसाठी ठराव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जायला हवा. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरायची, अशा शाळेत सगळे शेरे मास्तरांच्या माथी मारणं ही देखरेख नव्हे.

शेऱ्याची भाषाही पाहिली पाहिजे. इंग्लंडमध्ये ‘ऑफस्टेड’ या यंत्रणेचे शाळा तपासणी अहवाल सर्वांसाठी खुले असतात. तिथेही संपूर्ण शाळेला एका शब्दाची श्रेणी देण्याची पद्धत सरकारी शाळांसाठी 2024 च्या सप्टेंबरात बंद झाली. आपल्या ‘समाधानकारक’वरून तरी कुठे काय कळतं?

शेरेबही वाचून दाखवायला कुठला नवा जीआर लागत नाही. समितीच्या बैठकीत पहिला विषय मागच्या शेऱ्यांचा घ्यावा. जे गावाच्या आवाक्यातलं नाही, ते 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठरावाने मांडावं आणि ठरावाची पोच जपून ठेवावी. जिल्हा परिषदेसाठी मत मागायला येणाऱ्यालाही एवढंच विचारावं : आमच्या शाळेवरचा शेवटचा शेरा काय आहे, आणि तो तुम्ही कोणत्या सभेत मांडणार? ज्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, त्याला दुसरा विचारायची गरजच नाही.