जोडणे आणि जप्ती



बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावी मुक्कामाला होतो. संध्याकाळी शेजारचे एक म्हातारे शेतकरी कोर्टाचा कागद घेऊन ओसरीवर आले. कागद इंग्रजीत. शाळेत जाणाऱ्या नातवाने वाचून सांगितले होते, "आबा, अटॅच म्हणजे जोडणे. आपली जमीन कशाला तरी जोडलीय." आबा खुशीत! कागद होता जप्तीचा. पोराचे चुकले तरी कसे म्हणावे? त्याच्या पुस्तकात तेवढाच अर्थ दिलेला.

इंग्रजीत जोडण्याला शब्द पुष्कळ आणि ज्याची त्याची जागा ठरलेली. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? आपण लाकूड सांधतो, कापड शिवतो, तिकीट डकवतो, बैल जुंपतो.

'जॉइन' घ्या. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. त्याचे मूळ आणि संस्कृतातला 'युज्' धातू ही एकाच घराण्यातली. योग, युग आणि तुमच्या बैलांच्या मानेवरचे जू, सारी त्याच गोतातली. इंग्रज जुवाला 'योक' म्हणतो, तोही भाऊबंदच. मनमाडचे, दौंडचे जंक्शनही त्यातलेच. तिथे लोहमार्ग एकमेकांना मिळतात. गुरुजी, मुलांना हे जू दाखवून शिकवा, शब्द पक्का बसेल.

'ॲड' म्हणजे मिळवणे. 3 मध्ये 4 मिळवले की 7, चहात साखर घातली तरी ॲडच. 'कनेक्ट'मध्ये दोन्ही वस्तू आपापल्या जागी राहतात आणि मधून काही वाहते: वीज, पाणी, नाहीतर बोलणे. पंपाचे कनेक्शन तुम्हाला मी काय सांगावे!

आता पुन्हा 'अटॅच'. याचा अर्थ अडकवणे, पक्के बांधणे. अर्जाला दाखला टाचला तर तो अटॅच; सुटा ठेवून पाकिटात घातला तर 'एन्क्लोज'. हल्ली मोबाईलवरून पत्रासोबत फोटो धाडतात, त्यालाही अटॅचमेंट म्हणतात. पण कोर्टाच्या कागदावर तोच शब्द आला, की मालमत्ता हुकुमाने अडकली असे समजावे. जमीन अशी अडकली म्हणजे मालकाला ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. लिलाव मात्र त्यापुढची पायरी. तोवर कोर्टात जाऊन हरकत मांडता येते.

आणखी एक ध्यानात ठेवा. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 असे, की शेतकऱ्याची अवजारे, आणि पोट भरण्यापुरती कोर्टाला जरूर वाटतील तेवढी जनावरे व बी-बियाणे, यांवर जप्ती आणता येत नाही.

आबांना दुसऱ्याच दिवशी तालुक्याला वकिलाकडे नेले. कागद पुरता वाचला तेव्हा कळले, जमिनीखाली बैलजोडीही लिहिलेली होती. वकिलांनी हरकत घेतली नि बैल सुटले. जमिनीचे प्रकरण पुढे दोन वर्षे चालले.