लेकराची धाप (लेखांक 4) : इंदूरच्या डॉक्टरांना काय सांगायचं?

1948 साली कुमार गंधर्व मुंबई सोडून देवासला राहायला आले, ते क्षयानं पोखरलेलं फुप्फुस घेऊन. इथली कोरडी हवा मानवेल, ही आशा होती. हवेनं साथ दिली, पण आजार हटला तो स्ट्रेप्टोमायसिन मिळाल्यावर. माळव्याची हवा छातीला चांगली, हे आजही ऐकू येतं. मग धाप लागणाऱ्या मुलाच्या आईबापांना प्रश्न पडतो, की एवढी चांगली हवा असून आपल्याच लेकराला हे का?

दमा क्षयासारखा जंतूंमुळे होत नाही. यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि त्या फार हळव्या झालेल्या असतात. धूळ, धूर, परागकण, साधी सर्दी यांतलं काहीही निमित्त पुरतं. नळ्या आवळतात, चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना शिट्टी वाजते. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या लोहारद्यासारख्या गावात अशी निमित्तं वर्षभर येत राहतात. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी आणि थ्रेशरमधून उडणारा भुसा. थंडीत पेटीतून बाहेर काढलेल्या रजया-गोदड्या. मार्च-एप्रिलात गव्हाची कापणी आणि पाठोपाठ शेतात पेटवलेली नरवाई, म्हणजे गव्हाचे उरलेले धसकट. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी. चूल पेटत असेल तर तिचा धूर बारा महिने.

देशात हा आजार किती मुलांना आहे, याची पाहणी ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’नं पुण्यासह नऊ केंद्रांत केली. शाळकरी मुलांत प्रमाण साधारण तीन ते साडेतीन टक्के निघालं. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की लक्षणं असलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त जणांना आपल्याला दमा आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. जगातले सुमारे 13 टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त भारतात होतात. आजार इथे वेगळा नाही. निदान उशिरा होतं आणि रोजचं औषध मुलांपर्यंत पोचत नाही.

‘बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. पाच वर्षांच्या आतल्या बऱ्याच मुलांची घरघर सर्दीच्या विषाणूपुरती असते आणि ती पुढे थांबते. पण ज्याला एक्झिमा आहे, आईला किंवा वडिलांना दमा आहे, सर्दी नसतानाही रात्री खोकला येतो, खेळताना धाप लागते, त्या मुलाच्या बाबतीत वाट पाहण्यात शहाणपण नाही. अशा मुलाला आधी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. दर आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा आरामाचा पंप, म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम देणारा पंप, लागत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा दवाखान्यात भरती करावं लागलं असेल, तर इंदूर गाठावं. तिथे महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि त्याच आवारातलं मुलांचं चाचा नेहरू रुग्णालय आहे. मुलांच्या ॲलर्जीचे आणि श्वसनाचे तज्ज्ञ देशातच थोडे आहेत, त्यामुळे एवढ्या लांबच्या खेपेचं चीज व्हायला हवं.

चीज होतं ते घरून नेलेल्या माहितीनं. चांगला ॲलर्जीतज्ज्ञ पहिला बराच वेळ नुसता विचारत बसतो. खोकला रात्री किती वाजता येतो? आजोळी गेल्यावर थांबतो का? मळणी चालू होती का? घरात कोण विडी ओढतं? मूल कुणाजवळ आणि कशावर झोपतं? शिंका, नाक चोळणं, डोळे खाजणं आहे का? यांची उत्तरं आईला किंवा आजीला तोंडपाठ असतात, पण डॉक्टरांसमोर घाईत निम्मी सुटतात. म्हणून महिनाभर आधीपासून वहीत तारीखवार लिहून ठेवावं, धाप लागलेली असताना मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्यावा आणि आधीच्या सगळ्या औषधांची वेष्टनं पिशवीत घालून न्यावीत. धाप कमी झालेली असताना छाती तपासली तर पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही. तेव्हा तो व्हिडिओच साक्ष देतो.

मग चाचण्या. पाच-सहा वर्षांपुढचं मूल नळीत जोरानं फुंकू शकतं. त्या स्पायरोमेट्रीत औषधापूर्वीची आणि नंतरची फुंकर ताडून पाहतात. त्वचेवरची ॲलर्जी चाचणी घाबरण्यासारखी नाही. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करतात, प्रत्येक खुणेपाशी एकेका अर्काचा थेंब ठेवतात आणि थेंबातून कातडीला बारीकशी टोच देतात. रक्त येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा असतो, तिथे गांधी उठायलाच हवी. एक मिठाच्या पाण्याचा, तिथे उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांत बाकीच्या गांधी मोजतात. 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखून बसलंय. सर्दी-खाजेच्या गोळ्या चालू असतील तर ही चाचणी फसते. त्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे वेळ घेतानाच विचारावं.

मात्र गांधी उठली म्हणजे दम्याचं कारण सापडलं, असं होत नाही. वहीतल्या नोंदींशी ती जुळली तरच तिला अर्थ आहे. रक्ताचा एक नमुना देऊन शंभर-दोनशे पदार्थांची यादी हातात देणारे ‘पॅनेल’ तर मुलांचं नुकसानच करतात. त्या कागदावर विसंबून दूध, अंडं, गहू, केळं, दही एकदम बंद होतं आणि आधीच किडकिडीत असलेलं पोर आणखी वाळतं. बहुतेक मुलांच्या दम्याचं मूळ ताटात नसतं, श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेत असतं.

हवेतला गुन्हेगार नेमका हुडकला तर काय साधतं, ते स्पेनमधल्या बार्सिलोनानं दाखवलं. 1981 ते 1987 या काळात त्या शहरात ठरावीक दिवशी एकाएकी दम्याचे रुग्ण, मुख्यतः प्रौढ माणसं, इस्पितळांत लोटत. शोधाअंती ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी जुळले. साठवणीच्या कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती आणि सोयाबीनच्या टरफलांची धूळ वाऱ्यानं शहरभर पसरत होती. गाळणी बसवल्यावर त्या साथी थांबल्या. माळव्यातल्या प्रत्येक दमेकरी मुलाला सोयाबीनच भोवतं, असा याचा अर्थ नाही. पण मळणीच्या दिवसांत मूल खळ्यापासून लांब ठेवून नोंद करायला पैसा लागत नाही. रजया-गोदड्यांतल्या माइटसाठी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांसाठी, खोळी दर आठवड्याला चांगल्या कढत पाण्यात धुवाव्यात. विडी घराबाहेर गेलीच पाहिजे, यात तडजोड नाही.

आता पंप. 1955 साली अमेरिकेत रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं, की केसांच्या स्प्रेसारख्या डब्यात माझं औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी असा पंप बाजारात आला. एका मुलीच्या गरजेतून निघालेल्या या साधनाचीच आज आपल्या घरांत धास्ती आहे: सवय लागेल, वाढ खुंटेल, लग्न जुळणार नाही. सवय लागत नाही. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत पोचतं. वर्षानुवर्षं ते घेणाऱ्या मुलांची पुढे मोजलेली उंची सरासरी एखाद्या सेंटिमीटरनं कमी भरली, हे खरं आहे आणि ते आईबापांना सांगायलाच हवं. पण वारंवार लागणाऱ्या धापेची, शाळा बुडण्याची आणि घडोघडी द्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या सिरपची किंमत त्याहून फार मोठी आहे.

पंप स्पेसरशिवाय, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याशिवाय, मुलाला देऊ नये. डबी हलवायची, स्पेसरला लावायची, लहान मुलाच्या नाकातोंडावर मास्क घट्ट बसवायचा, एकदाच दाबायचं आणि मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. दुसरा दाब हवा असेल तर डबी पुन्हा हलवायची. शेवटी चूळ भरायची. तज्ज्ञांसमोर आईनं हे स्वतः करून दाखवावं. ‘औषध लागू पडत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिलं जाणारं दम्याचं औषध माळव्यात नवं नाही, आणि हैदराबादला मृगाच्या सुमारास मासा गिळायला जाणारेही आहेत. त्यांनी दमा बरा होतो, याचा शास्त्रीय पुरावा नाही. श्रद्धेनं खीर खाल्ली म्हणून मुलाला रागावू नये, पण त्या रात्री रोजचा पंप चुकवू नये. धाप लागलेल्या तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या सळईनं डाग देणं मात्र अघोरी आहे. ते कुणी सुचवलं तर आजीनंच ठामपणे आड यावं.

ॲलर्जीची लस, म्हणजे थोड्या थोड्या मात्रेनं शरीराला सवय लावण्याचा उपचार, 1911 पासून चालत आलाय. निवडक मुलांना त्याचा गुण येतो, पण तो तीन ते पाच वर्षं चालतो आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं लागतं. दमा आटोक्यात नसताना तो सुरू करत नाहीत. लोहारद्याहून तेवढ्या खेपा जमतील का, हे सुरुवातीलाच मोकळेपणानं बोलावं.

निघताना डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्यावा: रोज काय, खोकला वाढला तर काय, धाप लागली तर आरामाचा पंप किती वेळा. बोलताना मूल वाक्य तोडू लागलं, पोट उडू लागलं, ओठ निळसर दिसले किंवा ते सुस्त झालं, तर कागदाप्रमाणे स्पेसरनं पंप सुरू करून लगेच 108 ला फोन लावायचा आणि वाटेतही पंप चालू ठेवायचा. या कागदाची एक प्रत शाळेत द्यावी. वर्गशिक्षकांनी तिचं काय करायचं, खेळाच्या तासाला या मुलांना बसवून ठेवायचं की पळू द्यायचं, ते पुढच्या आठवड्यात.