परिचारिकेचा शब्द, रुग्णाची सुरक्षा

भडगाव परिसरातून आपण घरातील वडीलधाऱ्यांना पाचोरा, चाळीसगाव, जळगाव किंवा धुळे येथील रुग्णालयात दाखल करतो, तेव्हा आपले सारे लक्ष डॉक्टरांच्या फेरीकडे लागलेले असते. परंतु डॉक्टर येऊन जातात. रुग्णाजवळ तासन्‌तास असते ती परिचारिका. श्वासाची बदललेली लय, सलाईनच्या जागी आलेली सूज, पेनिसिलीनची ॲलर्जी असताना नजरचुकीने लिहिले गेलेले इंजेक्शन हे बहुधा प्रथम तिच्याच ध्यानी येते. प्रश्न इतकाच, की ध्यानी आलेले ती बोलू शकते का?

पुष्कळदा ती गप्प राहते. वरिष्ठांचा राग, नोकरीची चिंता आणि काही बिघडलेच तर दोष आपल्याच माथी येईल, ही भीती तिला अडवते. वृद्ध रुग्णाला हे मौन फार महाग पडते. त्याच्या शरीरात चूक सोसण्याची ताकद कमी असते.

तिला बोलते करण्यासाठी धीटपणाचा उपदेश पुरत नाही. व्यवस्थेने अधिकार द्यावा लागतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये मोठ्या शिरेत नळी घालताना पाळावयाच्या पाच साध्या पायऱ्या कागदावर उतरवल्या. हात धुणे ही त्यांतील पहिली. परिचारिकांनी महिनाभर निरीक्षण केले, तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत एखादी तरी पायरी सुटलेली आढळली. मग प्रशासनाने त्यांना सांगितले, पायरी सुटली तर डॉक्टरांना थांबवा. आम्ही पाठीशी आहोत. वर्षभरात त्या नळीमुळे होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आले.

हाच धागा पुढे नेला डॉ. अतुल गावंडे यांनी. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी तयार झाली. चिरा देण्यापूर्वी शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे तीत आहे. एकदा मोकळेपणी बोललेली व्यक्ती पुढे शंकाही बोलून दाखवते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वाचकहो, आपल्या हातीही पुष्कळ आहे. सिस्टरांचे नाव विचारा आणि त्या नावाने आदराने हाक मारा. चालू औषधे आणि ॲलर्जी यांची चिठ्ठी त्यांच्याकडे द्या. औषध देताना त्यांनी पुन्हा नाव विचारले तर चिडू नका. ती सावधगिरी आहे. ‘डॉक्टरांना विचारून मगच इंजेक्शन देते,’ असे त्या म्हणाल्या तर विलंबाबद्दल न रागावता आभार माना. काही वेगळे जाणवले तर ‘सिस्टर, आपल्याला काय वाटते?’ असे अवश्य विचारा. गैरसोय झाली तर आवाज चढवू नका. शांतपणे वरिष्ठ परिचारिकांकडे सांगा.

ज्या खोलीत परिचारिकेचा शब्द ऐकला जातो, तेथे आपला रुग्ण अधिक सुरक्षित असतो.