जुन्या झाडाची छाटणी : खर्चाचा खरा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेस गोदावरीच्या काठाने पसरलेला शेवगाव तालुका हा कमी व बेभरवशाच्या पावसाचा प्रदेश आहे. अशा प्रदेशात वाढलेले झाड ही शेतकऱ्याची एका पिढीची मिळकत असते. विहिरीवरची चिंच, घरापुढील कडुनिंब, बांधावरची बाभूळ किंवा वस्तीजवळचा आंबा यांपैकी कोणतेही झाड उन्हाळ्यात माणसांना व जनावरांना जी सावली देते, तिची किंमत दुपारी बारा वाजता कोणासही समजावून सांगावी लागत नाही.

देशात १९५० पासून वनमहोत्सव साजरा होत आहे. त्यामुळे झाड लावण्याचा खर्च कसा धरावा, खड्डा किती खोल घ्यावा व रोपास कुंपण कसे करावे, हे आता गावोगाव माहीत झाले आहे. परंतु लावलेले झाड तीस-चाळीस वर्षांचे झाल्यावर त्याची जी निगा राखावी लागते तिचा खर्च कोणी धरीत नाही. परिणामी वळवाच्या वादळात फांदी घरावर कोसळते, किंवा भीतीपोटी चांगले झाड बुंध्यापासून तोडले जाते. या दोन्ही प्रकारांत होणारे नुकसान वेळेवर केलेल्या छाटणीच्या खर्चाहून पुष्कळच अधिक असते.

वृक्षवैद्य आणि लाकूडतोड्या

ब्रिटनमध्ये झाडावर चढून रोगट व धोकादायक फांद्या शास्त्रीय रीतीने काढणे हा एक स्वतंत्र व शिकून घ्यावा लागणारा व्यवसाय आहे. या विषयातील जाणकारांची संघटना तेथे १९६४ साली स्थापन झाली. आपल्याकडेही झाडांच्या आरोग्याचा विचार नवा नाही; सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ त्याची साक्ष देतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत असे प्रशिक्षित लोक आता मिळू लागले आहेत. मात्र शेवगावसारख्या भागात शेतकऱ्यास सामान्यतः दोनच प्रकारची माणसे भेटतात : रोजाने झाडावर चढणारा मजूर, आणि लाकडाच्या मोबदल्यात झाड तोडून नेणारा व्यापारी.

यांतील दुसऱ्या प्रकाराविषयी सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. लाकूड हीच ज्याची मजुरी, तो जितके अधिक लाकूड काढील तितका त्याचा फायदा. दोन फांद्या काढण्यासाठी बोलावलेला मनुष्य शेंडा मारण्याचा किंवा सबंध झाडच काढण्याचा सल्ला देतो, यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. व्यवहाराची मांडणीच तशी आहे. म्हणून कामाचे पैसे रोख द्यावेत व लाकूड स्वतःकडे ठेवावे, किंवा ते तोलून वेगळ्या व्यवहाराने विकावे, हा या बाबतीतला पहिला नियम होय.

हिशेब कसा मांडावा

घरावर झुकलेल्या दोन जाड फांद्या काढावयाच्या आहेत असे समजू. फांदी बुडाशी एक फूट म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर जाड व ५ मीटर लांब असेल, आणि जाडी सर्वत्र सारखी धरली, तर तिचे घनफळ सुमारे ०.३५ घनमीटर भरते. ओल्या लाकडाचा घनमीटर साधारणपणे ८ ते १० क्विंटलचा धरला, तर एका फांदीचे वजन सुमारे ३ क्विंटल होते. एवढे वजन कौलांवर किंवा पत्र्यावर मोकळे पडू देता येत नाही. ते दोराने आवळून, तुकड्यातुकड्याने खाली सोडावे लागते. खर्च येतो तो मुख्यतः याच कामाचा. नुसत्या करवतीचा नव्हे.

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

चढणारा कसबी मनुष्य, एक दिवस : १,५०० रुपये
खालचे तीन मजूर, प्रत्येकी ५०० रुपये : १,५०० रुपये
दोर, करवत व इतर साधनांचे भाडे : ७०० रुपये
ट्रॅक्टरची एक खेप : ८०० रुपये
किरकोळ : २०० रुपये
एकूण : ४,७०० रुपये

दोन फांद्यांचे मिळून ६ क्विंटल लाकूड निघाले व ते क्विंटलास ३०० रुपये दराने गेले, तर १,८०० रुपये परत येतात. म्हणजे निव्वळ खर्च २,९०० रुपये. आता ‘फुकट’ तोडणाऱ्याने शेंडा मारून ३० क्विंटल लाकूड नेले असे धरल्यास त्याच दराने ९,००० रुपयांचा माल घराबाहेर गेला. खिशातून एक रुपयाही न गेल्यामुळे हा तोटा दिसत नाही एवढेच. पहिल्या रीतीत उरलेले २४ क्विंटल लाकूड झाडावरच राहते, वाढत राहते आणि सावलीही देते.

शेंडा मारल्याने खर्च वाढतो

झाडाचा शेंडा मारला की धोका टळला, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक मोठ्या कापाच्या कडेने पुष्कळ धुमारे एकदम फुटतात व जोमाने वाढतात. मूळची फांदी खोडाच्या आत खोलवर रुजलेली असते. हे धुमारे मात्र सालीलगतच्या लाकडातून निघालेले असल्याने त्यांची पकड कमजोर असते. खाली कापलेले लाकूड कुजू लागते आणि वर धुमारे जड होत जातात. काही वर्षांत तेच वाऱ्याने मोडू लागतात व पुन्हा माणूस बोलवावा लागतो. एकदा शेंडा मारलेले झाड मालकाला कायमच्या खर्चात टाकते. पिकाच्या किंवा फळबागेच्या शिस्तीत केली जाणारी नियमित छाटणी ही गोष्ट निराळी. येथे विचार मोठ्या, जुन्या झाडांचा आहे.

झाडाची जखम जनावराच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७० नंतरच्या दशकात असंख्य खोडे उभी चिरून हे दाखवून दिले. झाड सडलेला भाग दुरुस्त करीत नाही. ते त्याच्याभोवती जणू भिंती उभारून तो कोंडून टाकते व बाहेरून नवे लाकूड घालते. यावरून व्यवहारात दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, काप शक्य तितका लहान असावा. दुसरी, ढोलीत सिमेंट भरणे किंवा मोठ्या कापावर डांबर फासणे यावर पैसा खर्च करू नये. सिमेंट वाऱ्याबरोबर हलत नाही, झाड मात्र हलते. त्यामुळे आतल्या भिंती तुटून कुज पसरण्यास मदतच होते.

मोसंबी व आंब्याच्या बागेत मात्र डिंक्या व इतर बुरशीजन्य रोगांसाठी कापावर व खोडावर बोर्डो मलम लावण्याची शिफारस आहे. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, दोन्ही मिळून १० लिटर पाण्यात हे मलम तयार करतात. त्यासाठी लोखंडी भांडे वापरू नये.

काप घेण्याची रीत

जाड फांदी एकाच घावात तोडली तर ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून तीन काप घ्यावेत. पहिला काप खोडापासून वीतभर अंतरावर खालच्या बाजूने, जाडीच्या एक तृतीयांश खोल. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. याने फांदी मोकळी होते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो, तो शाबूत ठेवून अगदी त्याच्या बाहेर हा शेवटचा काप घ्यावा. खुंट लांब ठेवला तर तो वाळून कुजतो. खोडाशी सपाट कापले तर जखम विनाकारण मोठी होते. एका वेळी हिरव्या विस्ताराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. ज्या माणसास हे तीन काप सांगता येत नाहीत, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच समजावा.

माणसाच्या जिवाचा हिशेब

या कामात सर्वांत मोठी जोखीम वर चढणाऱ्याची असते. कमरेस दोर नसणे, ओली साल, वाळवीने पोखरलेली फांदी आणि पानांत लपलेली विजेची तार ही अपघाताची नेहमीची कारणे होत. तारेजवळील फांदी शेतकऱ्याने किंवा मजुराने स्वतः कधीही तोडू नये. महावितरणच्या कार्यालयास अगोदर कळवून, वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री पटल्यावरच काम व्हावे. ओली फांदी वीज वाहून नेते, हे विसरता कामा नये.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली २०२३ पासून अपघाती मृत्यू आल्यास शेतकऱ्याच्या कुटुंबास २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील व्यक्तीसाठी आहे. झाडावर चढणारा मजूर पुष्कळदा भूमिहीन असतो आणि त्यास हा आधार लाभत नाही. ज्याच्या झाडासाठी तो वर चढतो, त्याने दोर, शिरस्त्राण आणि पुरेशी मजुरी यांत काटकसर करणे न्यायाचे नव्हे. स्वस्तात मिळालेला मनुष्य पडला, तर त्याच्या घराचे जे होते त्याचा आकडा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

परवानगीची बाब

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग, चंदन, खैर, हिरडा, अंजन इत्यादी १६ प्रकारची झाडे आहेत. ती खासगी जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. वाळलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीवितास व मालमत्तेस धोका असलेले झाड असेल तर परवानगी नाकारू नये, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. सबब भीतीपोटी रात्रीतून झाड तोडण्याचे काही कारण नाही. शेवगाव शहरात नगरपरिषद असल्याने तेथे नागरी क्षेत्रासाठी असलेला १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा पाहावा लागतो. त्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. बांधावरील झाडाच्या बाबतीत शेजाऱ्याची संमती आधी घ्यावी. असे केल्याने झाडही वाचते व शेजारधर्मही टिकतो.

खर्चच उद्भवू नये म्हणून

मोठी झाडे पडतात ती पुष्कळदा मुळे तुटल्यामुळे. पाइपलाइनचा चर खणताना, रस्ता रुंद करताना किंवा बुंध्याजवळ खोल नांगरताना एका बाजूची मुळे तुटतात; त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी झाड उन्मळून पडते, तेव्हा दोष वाऱ्यास दिला जातो. वडा-पिंपळाभोवती बांधलेला सिमेंटचा पार बुंध्यास घट्ट भिडवू नये. मधे मोकळी माती ठेवावी. खोडास तार गुंडाळू नये.

वळवाची वादळे सुरू होण्यापूर्वी, माघ-फाल्गुनात प्रत्येक मोठ्या झाडाची एकदा पाहणी करावी. वाळलेल्या फांद्या, बुंध्याशी उगवलेली अळंबी, नव्याने आलेला कल, कल असलेल्या बाजूच्या विरुद्ध जमिनीस पडलेली भेग आणि खोड ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही धोक्याची लक्षणे होत. केवळ ढोली आहे म्हणून झाड तोडू नये; भोवतीचे लाकूड जाड व निरोगी असल्यास असे झाड वर्षानुवर्षे उभे राहते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या पाहणीतून शाळा, अंगणवाडी, पाणवठा, बाजारतळ व वस्त्यांजवळील धोकादायक झाडांची यादी करून ती ग्रामपंचायतीपुढे ठेवावी. एका झाडासाठी दुरून कसबी माणूस आणणे परवडत नाही. दहा-पंधरा झाडांचे काम एकत्र दिले तर येण्याजाण्याचा व साधनांचा खर्च सर्वांत वाटला जातो. गावातील दोन तरुणांनी त्याच्या हाताखाली काम केले तर ही विद्या गावात राहील. झाडांच्या रोगांविषयी दहिगाव-ने येथील कृषि विज्ञान केंद्राचा किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

काम ठरविताना कोणत्या फांद्या काढावयाच्या, लाकूड कोणाचे, नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची आणि पैसे केव्हा द्यावयाचे, या चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात आणि काढावयाच्या फांद्यांवर चुन्याची खूण करावी. ज्या फांदीवर खूण नाही, तिला करवत लागू देऊ नये.