कोळशाच्या वाटेवरची गावे

अड्यारला किंवा चेन्नईत इतरत्र स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नागपूर-वर्ध्याकडे जायचे असले की दिल्लीची गाडी धरावी लागते. वरंगळ मागे पडले, रामगुंडम आले की रुळांच्या कडेने कोळशाच्या वाघिणी आणि काळे ढीग दिसू लागतात. बहुतेक प्रवासी मुलांना खिडकी लावायला सांगून पुन्हा पेंगतात. खरे तर पाहण्यासारखे तिथूनच सुरू होते!

रामगुंडमपासून चंद्रपूर-वणीपर्यंत पसरलेला हा पट्टा दोन राज्यांत विभागला आहे. दक्षिणेला तेलंगण, उत्तरेला महाराष्ट्र. जमिनीखाली मात्र पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत, ज्यांना भूशास्त्रात 'गोंडवन' म्हणतात. आफ्रिका-ऑस्ट्रेलियातल्या त्याच काळच्या खडकांनाही हेच नाव. आपल्या गोंडांच्या मुलखाचे नाव जगभर पोचले, पण चंद्रपूरकर त्याचा फारसा तोरा मिरवत नाहीत.

भूशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना १८७१ मध्ये येल्लंदूजवळ कोळसा सापडला. तिथल्या सिंगरेणी गावाचे नाव पुढे १९२० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीला मिळाले. मंचेरियाल, मंदमर्री, बेल्लमपल्ली ही गावे वाढली ती याच कंपनीच्या खाणींवर. तिकडे खाणीला बोलीत 'बोग्गु बायी' म्हणतात, म्हणजे कोळशाची विहीर. मराठी कानाला ही कुणी बाईच वाटते! १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पुरा झाला आणि मद्रास-दिल्ली सरळ जोडली गेली. बेल्लमपल्लीच्या भूमिगत खाणी मात्र नंतर एकेक करून बंद पडल्या.

कागजनगर सोडले की थोड्याच वेळात महाराष्ट्र लागतो. इथे राजुरा तालुक्याची कथा ऐकण्याजोगी आहे. निजामाच्या काळात तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरकडे आला. म्हणजे घर न हलवता माणसांचा जिल्हा दोनदा बदलला! त्यातूनच पुढे निघालेल्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांचा वाद तर अनेक दशके चालला. तिथल्या मराठी कुटुंबांकडे दोन्ही राज्यांची शिधापत्रिका असे आणि मतदानही दोन्हीकडे होई. बाहेरच्यांना ही चंगळ वाटे. पण जमिनीचा पट्टा मागायला गेले की कुठल्या दारी जायचे, हा प्रश्न उरतोच.

वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर, पुढे चंद्रपूर. या भागातली पहिली मोठी खाण मात्र वरोऱ्याची. ती १९०६ मध्ये बंद पडली आणि काम बल्लारपूरकडे सरकले. वरोरा आज ओळखला जातो तो बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे. चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट आहे, जटपुरा दरवाजा आहे आणि शहरालगत २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्रही. २००९ च्या देशव्यापी प्रदूषण निर्देशांकात हे शहर चौथे आले. अंगणात वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकताना गृहिणीला जे कळते, त्याला आकडा मिळाला इतकेच! खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर इरई नदीच्या काठाने उभे आहेत. पावसाळ्यात ती माती पात्रात येते आणि पूर आला की सखल वस्त्यांच्या उरात धडकी भरते.

सास्ती, पवनी, गौरी या राजुऱ्याकडच्या खुल्या खाणींसाठी शेती जाते, तेव्हा घराघरात वेगळेच राजकारण सुरू होते. कोल इंडियाच्या धोरणात साधारण दोन एकरांमागे एक नोकरी आहे. मोबदला वाटून घेता येतो, नोकरी कशी वाटणार? सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असली तर एकाने कामावर जायचे आणि दोघांनी संमती द्यायची. महाराष्ट्रात १९९४ पासून वडिलोपार्जित शेतीत मुलींनाही बरोबरीचा वाटा आहे. पण 'ताई, एवढी सही कर, धाकट्याचे आयुष्य मार्गी लागेल,' असे माहेरून कुणी म्हणाले तर नाही म्हणणे जड जाते. कापसाचे शेत एकदा खाणीत गेले की परत येत नाही. म्हणून सही करण्याआधी कागदावर काय लिहिले आहे आणि आपल्या वाट्याच्या मोबदल्याचे काय, एवढे तरी वकिलाकडून वाचून घ्यावे.