झिजलेली खाच

वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून घेतला. त्या काळी युरोपात गारेची पिस्तुले रूढ होती. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली असे. चाप ओढला की ती पोलादी पत्र्यावर घासे, ठिणग्या पडत आणि रंजक पेटे.

भरलेले पिस्तूल कमरेला खोचायचे तर धोकाच! म्हणून घोडा अर्धाच चढवून ठेवीत. घोड्याच्या आसावरील चकतीला एक खोल खाच असते. तीत अडसराचे टोक असे रुतते, की चाप ओढला तरी सुटत नाही. मग जुन्या पिस्तुलाचा घोडा कधीकधी आपोआप का पडे?

समजा, गारगोटी आसापासून ४ सेंटिमीटरवर आणि खाच ०.८ सेंटिमीटरवर आहे. गारगोटीपाशी कमानीचा जोर २ किलोग्रॅम भाराएवढा असेल, तर तरफेच्या नियमाने खाचेवर तो पाचपट, म्हणजे १० किलोग्रॅम भाराएवढा येतो. तोही बारीकशा कडेवर! ही कड टिकावी म्हणून लोखंड हाडांच्या कोळशात तापवून त्याला पाणी देत. त्यामुळे वरचा पातळ थर कठीण होई. तो थर झिजला, की आतले मऊ लोखंड भराभर झिजते.

कड गोलसर झाली, की खाचेचा उतार होतो. आता अडसराला केवळ घर्षण धरून ठेवते. घर्षणांक ०.२ असेल, तर सुमारे ११ अंशांपर्यंतच्या उतारावर तो टिकेल. तेल घातल्यावर घर्षणांक ०.१ झाला, तर ६ अंशांचा उतारही पुरे! कोरडे असताना टिकणारा घोडा तेल घातल्यावर निसटतो, तो यामुळेच.

कारागीर प्रथम पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करतो, मग कळ उघडून खाच भिंगाखाली पाहतो. कड गोल व चकचकीत दिसली, तर दोष झिजेचा. कड शाबूत असेल, तर अडसराची कमान ढिली आहे किंवा खाचेत गंज साचला आहे. नुसत्या कानशीने खाच धारदार करणे मात्र घातक, कारण उरलासुरला कठीण थरही निघून जातो.

तुमच्या छत्रीचा खटका पाहा. जुनी छत्री उघडी न राहता मिटत असेल, तर खटक्याची कड बोटाने चाचपा. तेच शास्त्र तिथेही आढळेल. जुने पिस्तूल मात्र कोठे दिसले, तर हात लावू नका. आत दारू राहिलेली असू शकते, आणि झिजलेली खाच बाहेरून दिसत नाही.