चौथा तास

विद्यापीठाचा पेपर तीन तासांचा. शेवटची घंटा होते, पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करतात आणि पोरं व्हरांड्यात उभी राहून प्रश्नपत्रिकेची चिरफाड सुरू करतात. बाजूच्या एखाद्या खोलीत मात्र दोघांचा पेपर अजून चालू असतो. एक बोलतो आहे, दुसरा लिहितो आहे. बोलणारा परीक्षार्थी, लिहिणारा त्याचा लेखनिक. त्यांच्या हातात आणखी एक तास आहे. दर तासामागे किमान 20 मिनिटं, हा हिशेब केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 2013 साली घालून दिला. तीन तासांना साठ मिनिटं, म्हणजे चौथा तास.

ही गोष्ट वाशिम जिल्ह्यातली. इथली वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरची पदवी महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली. परीक्षा दोन, उन्हाळी आणि हिवाळी. अंध मुलं या भागाला अपरिचित नाहीत. वाशिमजवळच्या केकतउमऱ्याच्या ‘चेतन सेवांकुर’ या वाद्यवृंदातले अंध कलावंत लोकांनी स्टेजवर ऐकले आहेत, टाळ्याही दिल्या आहेत. वर्गातल्या बाकावर बसलेल्या अंध मुलाचं काय करायचं, हे मात्र टाळ्यांइतकं सोपं नसतं.

लेखनिक म्हणजे नुसता चांगल्या अक्षराचा मुलगा, असा समज आहे. काम त्याहून बरंच अवघड. डोळस विद्यार्थी प्रश्नपत्रिकेवर एक नजर टाकून ठरवतो, आधी दुसरा प्रश्न, मग चौथा. अंध विद्यार्थ्याला ती नजर नसते. लेखनिकाने सगळी प्रश्नपत्रिका आधी सावकाश वाचायची, पर्याय आणि गुणांसकट. मग तो क्रम विद्यार्थ्याने डोक्यात धरायचा. उत्तर सांगताना लिहिणाऱ्याच्या वेगाला बांधून घ्यायचं. अर्धं वाक्य सांगून थांबायचं, लिहून झालं की पुढचं. आधीच्या परिच्छेदात काय सांगितलं हे विसरलं, तर मागचं वाचून घ्यायचं. यात मिनिटं जातात. चौथा तास ही मेहेरबानी नव्हे, ती अशी गेलेली वेळ परत देणं आहे.

त्यात मराठी साहित्याचा पेपर असला तर विचारूच नका. विद्यार्थी ‘साधारणीकरण’ म्हणतो, ‘रसनिष्पत्ती’ म्हणतो. लेखनिकाने हे शब्द जन्मात ऐकलेले नसतात, कारण ऐकलेले नसावेत अशीच व्यवस्था आहे. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी हवं. कॉपी होऊ नये हा हेतू, तो बरोबरच आहे. पण पदवीच्या मुलाला बारावीचं पोर शोधावं लागतं. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत ते सीईटीच्या तयारीत बुडालेलं असतं, हिवाळीला त्याचे स्वतःचे तास चालू असतात. शिवाय त्याने ऱ्हस्व-दीर्घ चुकवले की तपासणाऱ्याच्या मनात चूक परीक्षार्थीच्या नावावर जमा होते.

हक्क कागदावर कधीच आला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून 21 केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखल्या. तरी लेखनिक आणि वेळ यांसाठी भांडावंच लागलं. हात आखडण्याचा त्रास असलेल्या विकास कुमारला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला, कारण तो 40 टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी सांगितलं, लिहिता येत नाही एवढं पुरे, टक्केवारीची अट इथे लावू नका. त्याच वर्षी अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. लेखनदोष असलेल्या या मुलीला ‘नीट’च्या परीक्षेत, मुंबईतल्या केंद्रावर, वाढीव तासच दिला गेला नाही. न्यायालयाने परीक्षा यंत्रणेला फटकारलं, अन्याय दुरुस्त करायला सांगितलं, पण फेरपरीक्षा मिळाली नाही. मुंबईत हे होतं, तर तालुक्याच्या केंद्रावर नियम माहीत असलेला माणूस त्या दिवशी हजर असणं हेच खरं आरक्षण.

परीक्षेआधी अभ्यास असतो, आणि तिथे गोष्ट फाँटवर अडते. एनव्हीडीए नावाची एक फुकट प्रणाली आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ती 2006 पासून घडवली. संगणकाच्या पडद्यावर असेल ते ती वाचून दाखवते, मराठीसुद्धा. पण मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपल्याकडच्या किती तरी नोट्स अजून कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना तिथे ‘मराठी’ दिसतं, संगणकाच्या पोटात मात्र ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं असतात. प्रणाली तीच वाचणार. विद्यार्थ्याच्या कानात मराठीच्या पेपराच्या नोट्स अशा कुठल्याशा ग्रहावरच्या भाषेत ऐकू येतात. फोटो काढून केलेल्या पीडीएफमधून तर तेवढंही ऐकू येत नाही. युनिकोडमध्ये टाइप करायला एक रुपया लागत नाही. प्राध्यापकांनी एवढं केलं तरी निम्मं काम होईल, असं माझं मत आहे.

उलट ज्याला पैसा लागतो ते आधी होतं, कारण ते दिसतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात दिव्यांगांसाठी अडथळामुक्त परिसराचे गुण असतात, म्हणून रॅम्प बांधला जातो, फोटो काढला जातो. रॅम्पचा उतार एकास बारा हवा. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उतार 5.4 मीटर लांब झाला पाहिजे, साधारण अठरा फूट. आता आपल्या ओळखीच्या कॉलेजचा रॅम्प आठवून पाहा. जागा उरली तेवढ्यात बसवलेल्या उतारावर व्हीलचेअर चढत नाही, फार तर प्राचार्यांची मोटरसायकल चढते. आणि कॉलेजपर्यंत यायचं एसटीने. तिकिटात 75 टक्के सवलत आहे, पण बसची पहिली पायरी गुडघ्याला लागते ती लागतेच.

याच विद्यापीठाच्या हद्दीत, अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांचा आश्रम आहे. त्यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. तान्ही असताना जळगाव स्टेशनवर टाकून दिलेली अंध माला तिथे वाढली, ब्रेल शिकली, पदवीधर झाली आणि त्याच वर्षी एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. पुढे नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात तिची नेमणूक झाली. बातम्यांत तिची जिद्द मोठ्या अक्षरांत आली, आणि ती होतीच. मला मात्र वाचायचं होतं की तिला पुस्तकं कोणी वाचून दाखवली, कधी, किती तास.

हा प्रश्न आता वैद्यकीय शिक्षणापर्यंतही पोचला आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, शंभर जागांचं. सहाच दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या ओमकार गोंडच्या खटल्यात सविस्तर निकाल दिला. वाचा आणि भाषेच्या 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्वामुळे त्याला एमबीबीएससाठी अपात्र ठरवलं गेलं होतं. निकालाने सांगितलं की तपासणी मंडळाने आकडा लिहून मोकळं व्हायचं नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल की नाही हे पाहायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर कारणं लिहून द्यायची.